खाली बसलेल्या स्पोर्ट्स कारसाठी घरी कोणता लो-प्रोफाइल जॅक घ्यावा?

केमनकर

नमस्कार मंडळी,

जुनी पोर्श केमन घेतली आहे, ९८७ मालिकेतली. गाडी पार्ल्याला आमच्या इमारतीच्या स्टिल्टमध्ये उभी असते. ब्रेक पॅड बदलणं, चाकं काढून आतली बाजू धुणं, खालून कुठे ऑइल पाझरतंय का बघणं, एवढी कामं मला स्वतःच्या हाताने करायची आहेत. पण गाडी उचलायलाच काही नाही. हिच्यात स्टेपनी येत नाही, नुसता कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याचा ट्रॉली जॅक सिलखाली, म्हणजे दारांखालच्या कडेखाली, शिरतच नाही. सगळ्यात खाली असतानाही त्याचा सॅडल, म्हणजे गाडीला टेकणारी वाटी, जमिनीपासून १४० मिमीच्या आसपास असतो. त्यात आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून गाडी आणखी खाली बसवली आहे.

ऑनलाइन शोधलं तर लो-प्रोफाइल या नावाखाली ७५ मिमीपासून १०० मिमीपर्यंत सगळं काही विकायला आहे. दीड टन, दोन टन, तीन टन. लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियम. जॅक चौथ्या मजल्यावर घरात ठेवावा लागणार, म्हणून वजन फार नको. पण सुरक्षिततेत तडजोड करायची नाही. ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

स्पॅनर_१३

आधी मापं टाका, मग जॅकचं बोलू. गाडी तुमच्या नेहमीच्या जागी उभी करा, टायरमध्ये हवा नेहमीएवढी ठेवा, आणि हे मोजा:

जॅक पॉइंटच्या (जॅक लावायच्या ठरलेल्या जागेच्या) खाली किती जागा आहे.
पॉइंटपर्यंत जाताना वाटेत सिलची किंवा स्कर्टची कड किती उंचीवर आहे.
बाजूच्या गाडीपासून किंवा खांबापासून मोकळी जागा किती आहे.
फरशी कसली आहे.

दुसरं माप बरेच जण घेतच नाहीत. पॉइंट आत असतो आणि बाहेरची कड त्याच्याही खाली आलेली असते. जॅकला आधी त्या कडेखालून जायचंय.

तिखट_मिरची

माझी पोलो आहे, लोअरिंग स्प्रिंगा टाकलेली. स्पोर्ट्स कार नव्हे, पण जॅकची रडकथा तीच. स्पॅनरदादांच्या यादीत एक भर घालते: जॅकच्या अंगाची उंची.

खोक्यावर जी किमान उंची छापतात ती सॅडलची असते. पण सॅडलच्या मागे जॅकच्या बाजूच्या पट्ट्या, मग पंप आणि दांडा बसवायची खोबण, हे सगळं चढत जातं. काही जॅकचा सॅडल ८० मिमी आणि दोन वीत मागे त्याचंच अंग १६० मिमी. बाजूने सिलखाली लावायचा असेल तर हे चालून जातं, कारण जॅकचं नाकच तेवढं आत जातं. पण पुढून बंपरखालून किंवा मागून आत घालायचा असेल तर जॅक अर्ध्यात अडकतो आणि बंपरची कड सोलून निघते. म्हणून विकत घेताना बाजूने काढलेला फोटो बघा. सॅडलपासून किती लांबीपर्यंत जॅक सपाट आहे ते दुकानात टेपने मोजा. बंपरच्या टोकापासून उचलायच्या जागेपर्यंतचं अंतर त्यापेक्षा कमी हवं.

केमनकर

मोजलं सगळं.

जॅक पॉइंटखाली १२२ मिमी, चारही ठिकाणी दोन-तीन मिमीचा फरक. स्कर्टची कड ११५ मिमी. फरशी म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, काही थोडे खचलेले. बाजूची जागा मात्र कमी आहे. पार्किंगची खूण अडीच मीटरची, गाडी १.८ मीटर रुंद, आणि डावीकडे खांब.

वर्कशॉपकाका

बेस्टच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. बसचे जॅक वेगळे, पण लोखंड आणि वजन यांचे नियम बदलत नाहीत. तुमच्या उत्तरात मला पेव्हर ब्लॉक सगळ्यात जास्त खटकले, तेव्हा त्यावरच आधी लिहितो.

ट्रॉली जॅकला चाकं कशाला असतात? ढकलत न्यायला, एवढंच लोकांना वाटतं. पण जॅकचा हात मागच्या बाजूला बिजागरीवर फिरतो, त्यामुळे सॅडल सरळ रेषेत वर जात नाही. तो कमानीत जातो. वर जाताना तो दांड्याच्या दिशेने मागे येतो, पूर्ण उंचीपर्यंत आठ-दहा सेंटीमीटर सहज. गाडी तर जागची हलत नाही. मग हे अंतर भरून काढायला जॅकलाच पुढे, गाडीखाली सरकावं लागतं. फरशी गुळगुळीत असेल तर जॅक आपोआप सरकतो, तुम्हाला कळतही नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्याचं छोटं लोखंडी चाक अडकलं की जॅक जागीच राहतो. मग एक तर सॅडल पॉइंटवरून घसरतो, नाहीतर गाडी जॅककडे ओढली जाते. दोन्हीचा शेवट वाईट.

उतरवताना हेच उलट्या दिशेने होतं, आणि तेव्हा माणूस गाफील असतो.

उपाय सोपा आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिमी जाडीची लोखंडी प्लेट कापून घ्या, साधारण ६०० बाय ९०० मिमी. वजन एकवीस किलोच्या आसपास भरेल. जॅक तिच्यावर ठेवून उचला. कडा घासून घ्यायला सांगा, हात कापतो. खचलेल्या ब्लॉकवर प्लेटसुद्धा डगमगते, त्यामुळे जागा बघून मांडा.

स्पॅनर_१३

काका, प्लेटऐवजी प्लाय चालेल का? प्लेट उचलायला जड आहे आणि पावसात गंजते.

वर्कशॉपकाका

१८ मिमीचा चांगला मरीन प्लाय चालतो. पण हिशोब लक्षात घ्या. जॅकखाली १८ मिमी घातलेत की जॅक तेवढा उंच झाला, म्हणजे ९० चा जॅक १०८ चा झाला. प्लेटने फक्त ५ मिमी जातात. प्लाय वापरायचा असेल तर आधी गाडीची चाकं प्लायवर चढवा, मग फरक मिटतो. चेपलेला किंवा पापुद्रे सुटलेला प्लाय घेऊ नका, भिजलेला तर नाहीच.

तिखट_मिरची

चाकं प्लायवर चढवायची ही युक्ती मी कायम वापरते. सुताराकडून १८ मिमीचे तुकडे कापून घेतलेत, टायरपेक्षा दोन बोटं रुंद. एकावर एक दोन, वरचा थोडा आखूड, म्हणजे टायर पायरीपायरीने चढतो. दोन तुकड्यांत ३६ मिमी मिळतात. केमनकर, तुमचे १२२ मिमी असे १५८ झाले तर टायरवाल्याचा साधा जॅकसुद्धा आत जाईल! तुकडे एकमेकांना स्क्रूने जोडून घ्या, नाहीतर चढताना वरचा सटकतो.

एक कळकळीची विनंती. विटा, सिपोरेक्सचे ब्लॉक, जुने पेव्हर हे गाडीच्या वजनाखाली कधीही वापरू नका, चाकाखालीही नाही आणि सिलखालीही नाही. लाकूड पिचण्याआधी करकरतं, दबतं, तुम्हाला इशारा देतं. सिमेंटचा ब्लॉक एका क्षणात फुटतो.

केमनकर

प्लायची कल्पना फार आवडली. म्हणजे लो-प्रोफाइल जॅक घ्यायचीच गरज नाही का मग?

स्पॅनर_१३

गरज आहे. पंक्चरचा विचार करा. तुमच्या पुढच्या टायरचं माप काय आहे? २३५/४० आर १८ असेल तर टायरच्या भिंतीची उंची ९४ मिमी होते, कारण २३५ चे ४० टक्के. हवा पूर्ण गेली की रिम खाली येते आणि गाडीचा तो कोपरा पाच-सहा सेंटीमीटरने बसतो. १२२ मधून ते वजा करा. तिथे ७५ मिमीचाही जॅक जाणार नाही. अशा वेळी आधी कॉम्प्रेसरने जमेल तेवढी हवा भरायची, लगेच प्लायवर चढवायचं, मग उचलायचं. टायर चिरला असेल तर सरळ टो करायला बोलवा. टायर निव्वळ हळूहळू गळत असेल तर मात्र ८० मिमीचा जॅक आणि १४० मिमीचा जॅक यांच्यातला फरक तुम्हाला नक्की कळेल.

घोडी_लावा

एवढ्या चर्चेत घोडीचा, म्हणजे जॅक स्टँडचा, विषय कुणीच काढला नाही, आणि माझ्या मते जॅकच्या निवडीपेक्षा तो महत्त्वाचा आहे. जॅक फक्त उचलण्यासाठी, धरून ठेवायला घोडी. हायड्रॉलिक जॅक एका सीलवर उभा असतो. सील झिजलं की गाडी हळूहळू बसते, आणि फाटलं की खाली येते. गाडीखाली हातसुद्धा घालायच्या आधी घोडी लागलेली पाहिजे.

जॅकच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. दोन-तीन टनी घोडीची किमान उंचीच साधारण २७० ते ३०० मिमी असते. म्हणजे तुमचा जॅक पॉइंट १२२ वरून निदान ३१० पर्यंत जायला हवा. काही फार बुटके जॅक खाली ७५ ला जातात खरे, पण वर ३३० लाच संपतात. मग घोडी कशीबशी आत जाते आणि दात बदलायला जागा उरत नाही. किमान उंचीइतकंच कमाल उंचीलाही महत्त्व द्या. ४०० च्या वर जाणारा घ्या.

रॅचेटवाल्या घोडीत दात नीट बसलाय का ते प्रत्येक वेळी हाताने हलवून बघा. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने पिट्सबर्ग ब्रँडच्या ३ आणि ६ टनी घोड्या परत मागवल्या होत्या, कारण धक्का बसला तर खिटी दातातून सुटण्याची शक्यता होती. ज्यांना आरपार पिन घालायची सोय आहे त्या घोड्या मला जास्त भरवशाच्या वाटतात.

केमनकर

घोडीबद्दल पूर्ण सहमत. पण माझ्या गाडीत एक कोडं आहे. जॅक लावायला दर बाजूला दोनच पॉइंट, एक पुढच्या चाकामागे आणि एक मागच्या चाकापुढे. जॅक पॉइंटवर लावला तर घोडी कुठे लावू? आजूबाजूला प्लास्टिकची आवरणं आहेत.

एअरकूल्ड_गिरगाव

हा प्रश्न पोर्शवाल्यांना जगभर पडतो. माझा अनुभव सांगतो.

तुमच्या गाडीची चौकट इतकी कडक आहे की मागच्या पॉइंटला जॅक लावून उचललं तर काही वेळाने त्याच बाजूचं पुढचं चाकही जमिनीवरून सुटतं. पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं, पण इंजिन मध्ये असलेल्या या गाडीत ते स्वाभाविक आहे. त्याचाच फायदा घ्यायचा. मागचा पॉइंट उचला, पुढचा पॉइंट आपोआप पुरेसा वर येतो, तिथे घोडी लावा, मग जॅक थोडा सोडून वजन घोडीवर येऊ द्या. आता ती बाजू पुढे घोडीवर आणि मागे जॅकवर आहे. काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा. ब्रेक पॅडचं काम बाहेर बसून होतं, तेवढ्याला हे पुरतं. पण असं उभं असताना गाडीखाली झोपायचं नाही, कारण मागची बाजू अजून जॅकवरच आहे.

खाली झोपायचंच असेल तर एकाच पॉइंटवर जॅक आणि घोडी दोन्ही बसतील असं साधन लागतं. अमेरिकेत सेफ जॅकचा रेनस्टँड याच कामासाठी बनवलाय. आडवी पट्टी जॅकवर ठेवून उचलायची, मग दोन्ही बाजूंना पाय घालून पिन मारायची आणि जॅक काढून घ्यायचा. उत्तम वस्तू आहे, पण इथे मागवायची तर वजनामुळे कुरिअर महाग पडतं.

काही जण मागून इंजिनच्या क्रँककेसच्या सांध्याखाली जॅक लावून दोन्ही मागची चाकं एकदम उचलतात. मी ते करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. पुस्तिकेत दिलेले चार पॉइंट सोडून कुठेही जाऊ नका.

वर्कशॉपकाका

एअरकूल्डराव, चांगलं समजावलंत. त्यात एक जोडतो. या गाडीला मागच्या चाकांना ताकद जाते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना असतो. मागची दोन्ही चाकं हवेत गेली की गिअरही कामाचा नाही आणि हँडब्रेकही नाही. गाडी धरून ठेवणारं एकच, पुढच्या चाकांना लावलेले ठोकळे. ते दोन्ही बाजूंनी घट्ट बसवल्याशिवाय दांड्याला हात लावू नका. एक बाजू उचलत असाल तर दुसऱ्या, जमिनीवरच्या बाजूच्या दोन्ही चाकांना लावा.

आणि बोल्ट जमिनीवर असतानाच पाऊण फेरा सैल करून घ्या. गाडी हवेत असताना पान्यावर जोर दिला की सगळा झटका घोडीवर जातो.

बोरिवलीचा_तुषार

मूळ प्रश्नाकडे येतो. लोखंडी की अ‍ॅल्युमिनियम?

माझं मत स्पष्ट आहे, लोखंडी ३ टन घ्या. वजन ३० ते ४० किलो असतं, मान्य. पण जॅक जितका जड तितका जमिनीला चिकटून राहतो, त्याचा हात वळत नाही, आणि बहुतेकांची कमाल उंची ४५० च्या पुढे जाते. अ‍ॅल्युमिनियमचे दीड टनी जॅक रेसिंगच्या पिटमध्ये शोभतात. तिथे फरशी काचेसारखी असते आणि मेकॅनिक गाडी काही सेकंदच वर ठेवतो.

तिखट_मिरची

तुषारदादा, मी असहमत. चौथ्या मजल्यावरून ३५ किलोचा जॅक खाली आणायचा म्हणजे लिफ्ट असली तरी दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागणार. ज्याला उचलायचा कंटाळा येतो तो जॅक दोन महिन्यांनी माळ्यावर जातो. मी अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील मिश्र बनावटीचा २ टनी घेतला, वजन वीस-बावीस किलो. एकटी नेते, एकटी आणते. केमन सुमारे १३५० किलोची गाडी आहे. एका बाजूला साधारण त्याच्या निम्मं वजन येणार. त्याला ३ टन कशाला लागतात?

बोरिवलीचा_तुषार

भार पेलायला नाही, ताठपणासाठी लागतात. दीड टनाचा जॅक पूर्ण वर गेला की सॅडल बाजूला किंचित डुलतो. ते बघून माणसाची छाती धडधडते. तुमचा दोन टनी मिश्र जॅक चांगला असेल, त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध दीड टनीला आहे.

वर्कशॉपकाका

दोघांचंही बरोबर आहे, पण निर्णय फरशीवर होतो. हलक्या जॅकची चाकं बहुधा अरुंद असतात, पेव्हरवर ती लवकर फटीत जातात. प्लेट वापरणार असाल तर हलका घ्या. प्लेट नको असेल तर जड आणि रुंद चाकांचा घ्या. दोन टनाच्या खाली जाऊ नका. आणि खोक्यावर युरोपियन ईएन १४९४ किंवा अमेरिकन एएसएमई पेस हे मानक छापलेलं आहे का बघा. निदान कुठल्या नियमाने बनवलाय ते कळतं.

केमनकर

माझ्याकडे प्लेट ठेवायला जिन्याखाली जागा आहे, म्हणून २ टनी मिश्र किंवा अ‍ॅल्युमिनियमकडे कल झुकतोय. सॅडलवर रबराचा पॅड लागेलच ना? सिल चेपलं तर जीव जाईल.

एअरकूल्ड_गिरगाव

लागेल, आणि तो आधीच मापात धरा. रबरी पॅड १५ ते २५ मिमी जाड असतो. तुमची स्कर्टची कड ११५. जॅक ९० आणि पॅड २५ घेतलात तर बरोबर ११५, म्हणजे कड घासणार. जॅक ८० घेतलात तर १०५, दहा मिमी मोकळे. म्हणून तुमच्यासाठी ७५ ते ८० मिमीचाच शोधा. जे ८५-९० चे आहेत ते प्लायशिवाय उपयोगाचे नाहीत.

पॅडचा आकार पॉइंटप्रमाणे. पोर्शचा पॉइंट गोल खळगा आहे, मध्ये भोक. त्यात बसेल असा नायलॉनचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) गोल तुकडा लेथवर बनवून घ्या, वर मध्यभागी छोटा उंचवटा, म्हणजे सरकत नाही. साकीनाक्याला किंवा कुर्ल्याला लेथवाले अशी छोटी कामं करून देतात. जुन्या पॅडचा नमुना असेल तर न्या, नसेल तर पॉइंटचं माप कॅलिपरने घ्या.

तिखट_मिरची

आणि पोलोसारख्या गाड्यांना, जिथे सिलखाली पत्र्याची उभी कड असते, तिथे मधोमध खाच असलेला पॅड घ्यायचा. कड खाचेत गेली पाहिजे आणि वजन तिच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर आलं पाहिजे. सपाट सॅडल थेट कडेवर लावला की ती कड दुमडते, रंग उडतो, आणि आपल्या हवेत तिथूनच गंज सुरू होतो. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

मुलुंड_चेक_नाका

वाचतोय आवडीने. खरेदी कुठे करावी? ऑनलाइन की प्रत्यक्ष?

स्पॅनर_१३

माझा कौल प्रत्यक्ष बाजाराला. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची आणि उचलण्याच्या सामानाची इतकी दुकानं आहेत की अर्ध्या दिवसात सगळे प्रकार हाताळून होतात. कुर्ल्याचा सीएसटी रोडही आहे, पण तिथे अ‍ॅक्सेसरीजचा भर जास्त. दुपारी बाराच्या आत जा. संध्याकाळी गर्दीत कुणी जॅक उघडून दाखवत नाही.

दुकानात खरोखर बघण्यासारखं काय ते लिहितो. दांडा बसवून पंप मारा. पहिल्या एक-दोन झटक्यांतच सॅडल वर यायला हवा. रिकामे झटके बसत असतील तर आत हवा आहे. ती निघू शकते, पण नव्या जॅकमध्ये इतकी का असावी हे विचारा. मग वर नेऊन त्यावर वजन ठेवायला सांगा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. एखाद-दोन मिमीही खाली सरकला तर नको. सगळ्यात शेवटी सोडायची कळ. दांडा अगदी हळू फिरवून बघा. सॅडल मुंगीच्या पावलाने उतरला पाहिजे. काही स्वस्त जॅकमध्ये थोडं फिरवलं की काही होत नाही, आणखी केसभर फिरवलं की धाडकन खाली. घोडीवर गाडी टेकवताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते, तरी जाहिरातीत ती कुणी लिहीत नाही.

दोन पंपांचा जॅक मिळाला तर घ्या. वजन येईपर्यंत सॅडल झपाट्याने वर जातो.

एअरकूल्ड_गिरगाव

सोडायच्या कळीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. ऑनलाइन घेणाऱ्यांना हे तपासताच येत नाही. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर घरी आल्या दिवशी हीच परीक्षा घ्या, परत करायची मुदत संपण्याआधी.

बोरिवलीचा_तुषार

दांड्याची लांबीही बघा, विशेषतः केमनकरांनी. पार्किंग अडीच मीटरचं आणि गाडी १.८ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ७० सेंटीमीटर. गाडी मधोमध असेल तर एका बाजूला ३५. जॅकचं धूडच ६५-७० सेंटीमीटर लांब, त्याला मीटरभर दांडा. नाक आत घातलं तरी दांडा खाली दाबायला जागा कुठे आहे? दोन तुकड्यांचा दांडा असेल तर वरचा काढून छोट्या झटक्यांनी पंप मारता येतो, पण हाताला जोर लागतो आणि नियंत्रण कमी होतं. मी असतो तर गाडी बाहेर मोकळ्या सपाट जागेत काढूनच उचलली असती.

केमनकर

तेच करावं लागेल. गेटजवळ पाहुण्यांच्या गाड्यांसाठी कोबा केलेली जागा आहे, पेव्हर नाहीत. उतार गटाराच्या बाजूला किंचित आहे.

वर्कशॉपकाका

कोबा असेल तर सोन्याहून पिवळं. उतार लेव्हल ट्यूबने बघून घ्या. डोळ्याला किंचित वाटणारा उतार उभ्या गाडीला किंचित नसतो. गाडी उताराला आडवी नको. नाक चढाच्या बाजूला ठेवून उभी करा आणि ठोकळे चाकांच्या उताराच्या अंगाला घट्ट लावा.

सचिव_चेंबूर

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पार्किंगमध्ये गाडीची कामं करण्यावरून आमच्याकडे वाद झाले, ते तेल सांडण्यावरून आणि लहान मुलं तिथे खेळतात म्हणून. चाक काढून धुणं, पॅड बदलणं याला आम्ही हरकत घेत नाही, पण आधी ऑफिसला सांगावं आणि मुलं शाळेत असतात ती वेळ निवडावी. खाली ताडपत्री अंथरा. वॉचमनला सांगा की कुणी जवळ येऊ नये, आणि गाडी वर असताना दोन मिनिटांसाठीही तिला एकटी सोडू नका. स्टॅक पार्किंगच्या लोखंडी पाट्यावर तर जॅक लावायचाच नाही, तो पाटा असा एकाच ठिकाणी येणारा भार घेण्यासाठी नसतो.

केमनकर

सचिवसाहेब, मनापासून आभार. आमच्या ऑफिसशी बोलून घेतो. शाळेच्या वेळेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नसता.

मुलुंड_चेक_नाका

क्विकजॅकबद्दल कुणी वापरून पाहिलंय का? दोन चौकटी गाडीखाली सरकवायच्या आणि पंपाने पूर्ण गाडी वर.

एअरकूल्ड_गिरगाव

एका मित्राच्या पुण्याच्या बंगल्यात बघितलंय. मिटलेली चौकट साधारण तीन इंच, म्हणजे ७६ मिमी, त्यामुळे केमनखाली जाईल. चारही चाकं एकदम वर जातात, वर गेल्यावर लोखंडी कुलूप बसतं, आणि घोडीचं कोडं सुटतं. पण चौकटी लांब आणि जड आहेत, त्यांना कायमची जागा हवी, पंपाला वीज हवी. स्वतःचं बंद गॅरेज असेल तर डोळे मिटून घ्या. मुंबईच्या स्टिल्टमध्ये ते कुठे ठेवणार?

तिखट_मिरची

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जॅक ठेवताना सॅडल पूर्ण खाली ठेवा, म्हणजे आतला चकचकीत दट्ट्या तेलात राहतो. वर करून ठेवलात तर त्यावर दमट हवा बसते, ठिपके ठिपके गंज येतो, आणि तोच खरखरीत गंज सील कापतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जास्त काळजी घ्या. चाकांना आणि बिजागरीला ग्रीस लावा.

हवा काढायची पद्धत: कळ सैल करा, दांडा दहा-पंधरा वेळा भरभर मारा, कळ घट्ट करा, पुन्हा उचलून बघा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं.

वर्कशॉपकाका

आणि तेल कमी झालं तर जॅकचं हायड्रॉलिक ऑइलच घाला. आयएसओ ग्रेड २२ किंवा ३२ चं चालतं, जॅकच्या पत्रकात दिलेलं असतं. ब्रेक ऑइल घालू नका. बरेच मेकॅनिक हाताशी आहे म्हणून तेच ओततात. जॅकचं सील खनिज तेलासाठी बनवलेलं असतं. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं, त्याने ते सील फुगून मऊ पडतं. जॅक महिनाभर बरा चालतो आणि मग एक दिवस दगा देतो.

केमनकर

सगळ्यांचं वाचून नागदेवीला जाऊन आलो. घेतला तो २ टनी, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील मिश्र, किमान ८० मिमी, कमाल ४६० मिमी, दोन पंप, दोन तुकड्यांचा दांडा. सोडायची कळ स्पॅनरदादांनी सांगितली तशी हळू उतरवून बघितली. शेजारच्या दुकानातला ७५ मिमीचा दिसायला जास्त देखणा होता, पण कमाल उंची ३४० आणि कळ झटक्याने सुटत होती, म्हणून सोडून दिला. पिनवाल्या तीन टनी घोड्यांची जोडी घेतली, दोन रबरी ठोकळे घेतले. कोबा असला तरी प्लेट कापायला टाकली आहे, काकांचं ऐकून. पीयूचा पॅड लेथवर बनतोय, २५ मिमी.

तुषारदादा, पूर्ण उंचीला हा सॅडल डुलत नाही, दुकानातच हलवून बघितला.

एकच राहिलं. चाकाचे बोल्ट परत आवळताना किती टॉर्क? टॉर्क रेंच घरी आहे.

एअरकूल्ड_गिरगाव

९८७ ला १३० न्यूटन-मीटर. नंतरच्या पोर्शमध्ये तो १६० झाला, म्हणून इंटरनेटवर दोन्ही आकडे दिसतात, गोंधळू नका. आधी हाताने आटे लावा, मग गाडी जमिनीला टेकल्यावर आडव्या-उभ्या क्रमाने आवळा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या रुंदीची आहेत, काढताना खडूने खूण करून ठेवा.

स्पॅनर_१३

फोटो टाका जॅक लावल्यावर, विशेषतः पॅड पॉइंटमध्ये कसा बसतो त्याचा. इथे आणखी दोघा-तिघांकडे बॉक्सस्टर, म्हणजे केमनचंच उघड्या टपाचं भावंड, आहे, त्यांना त्याच मापाचा पॅड बनवून घेता येईल.